पिवळ्या फिल्मवरचं तांबं

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांना तिने सरळ दम भरला.

झालं असं की धुळीचा कणही चालत नाही अशा क्लीनरूमच्या बाहेर कपडे बदलायची एक अरुंद खोली होती. आत जाणारा प्रत्येक जण तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये शिरायचा, टोपडं घालायचा, मास्क चढवायचा... आणि मग सख्ख्या आईलाही ओळखू येणार नाही असा होऊन बाहेर पडायचा. त्या सकाळी बाकावर बसून पांढरे बूट ओढणारा उंच माणूस तिला लंबू वाटला. लंबू म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

"हे बघ," ती हातमोजे चढवता चढवता म्हणाली, "आज तो परीक्षक टपकणार आहे. असेल कुणीतरी नाकावर माशी बसू न देणारा. त्याच्यासमोर तू तोंड उघडायचं नाहीस. आपलं तांबं ओव्हनमधून आल्यावर सुटतं हे तर चुकूनही बोलायचं नाही, ते मी माझ्या पद्धतीने सांगेन. तू नुसती मान हलव. कळलं?"

त्या माणसाने मान हलवली. अगदी शहाण्या मुलासारखी.

आत तो तिच्या मागे मागे फिरला, बोलला काहीच नाही. लंबू इतका वेळ गप्प कसा, याचं तिला नवल वाटायला लागलं होतं, तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर आत आले. "अरे वा, तुमची ओळख झालीच वाटतं," ते त्या माणसाकडे बघून म्हणाले. "प्रवास बरा झाला ना तुमचा?"

तो पहिल्यांदा बोलला, पण सरांशी नव्हे. तिच्याकडे वळून त्याने विचारलं, "आता बोलायची परवानगी आहे?"

टोपड्याच्या आत तिचे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. पण त्या माणसाच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या होत्या... तो हसत होता. आणि हसू मास्कखाली ठेवण्याइतका सभ्यही होता.

प्रयोगशाळेत तिला सगळे डिंकी म्हणायचे. कशाला काय चिकटतं आणि का चिकटत नाही, हेच तिचं काम. मशीन चालवणाऱ्या मावशींनी कधीतरी गमतीने ते नाव ठेवलं आणि तेच तिला चिकटलं. गेलं वर्षभर ती एका फिल्मच्या मागे होती. मधाच्या रंगाची, कागदाहून पातळ आणि उष्णतेला न जुमानणारी. तिच्यावरून तापलेली इस्त्री फिरवा, उकळत्या तेलात बुडवा, ती जशीच्या तशी. आता अशी कशाचाच परिणाम न होणारी वस्तू दुसऱ्या कुणाला सहज जवळ येऊ देईल का? तिच्यावर तांब्याचा थर द्यावा, तर तो वाळलेल्या पापुद्र्यासारखा उठून यायचा.

आणि तो उठून चालणार नव्हता. त्या फिल्मवर तांब्याच्या नाजूक रेघा काढून एक पातळ पट्टी करायची होती. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या गादीत घालायची, त्यांना ऊब देणारी पट्टी. तांबं एका जागी सुटलं की तिथे ऊब नाही, आणि दुसऱ्या जागी नको तेवढी. पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीने म्हणूनच आपला माणूस पाठवला होता. फिल्म घ्यायची की नाही, हे तो ठरवणार होता.

मग तो दर पंधरवड्याला येऊ लागला.

चाचणी सोपी होती. तांब्याच्या पट्टीचं एक टोक चिमट्यात धरायचं आणि यंत्राने ते सरळ वर ओढत न्यायचं. किती जोर लागला ते पडद्यावर दिसायचं. दोघं त्या पडद्यावर वाकून उभे राहायचे. मास्कमधल्या श्वासाने तिचा चष्मा धुरकटायचा आणि ती चरफडायची. एकदा त्याने काही न बोलता आपल्या मास्कची नाकावरची तार दोन बोटांनी दाबून दाखवली. अशी... जरा घट्ट. तिने तसं केलं आणि चष्मा स्वच्छ झाला. समोर तो तिच्याकडेच बघत होता. पडद्यावरचा आकडा मग तिला दोनदा वाचावा लागला.

गंमत म्हणजे कॅन्टीनमध्ये ती त्याला ओळखायचीच नाही. पहिल्या खेपेला तो चहाचा कप घेऊन तिच्या समोर येऊन बसला, तेव्हा तिने "इथे कुणीतरी येणार आहे" असं सांगून त्याला उठवायला पाहिलं.

"कोण येणार आहे?" त्याने विचारलं.

आवाज ऐकून ती चपापली. मास्कखाली हनुवटीवर खळी असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "तुम्हीच," ती म्हणाली.

"मग आलो की."

त्या चहाला बराच वेळ लागला. तिने त्याला ताईच्या मुलीबद्दल सांगितलं. डिंकी ताईकडेच राहायची. भाची जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, आणि कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. ताई काचेला हात लावून उभी राहायची. पेटीतलं यंत्र जुनं, त्याची ऊब कमीजास्त व्हायची, म्हणून एक नर्स रात्रपाळीत दर थोड्या वेळाने येऊन बाळाच्या पायाला हात लावून बघायची. ती भाची आता घरभर धुडगूस घालते आणि मावशीचे चष्मे तोडते. पण तो नर्सचा हात डिंकीच्या डोक्यातून कधी गेला नव्हता. त्या हाताचे उपकार फेडायचे कसे, हे तिला उमगत नव्हतं. म्हणून ती ही फिल्म सोडत नव्हती.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला की त्याच्या कामात बहुतेकदा समोरच्याला नाहीच म्हणावं लागतं, आणि लोक त्याला चहा पाजतात ते हो म्हणावं म्हणून.

"हा चहा तुम्ही स्वतः आणलाय," तिने आठवण करून दिली.

"म्हणून तर इतका छान लागतोय."

एका संध्याकाळी ते फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर अडकले. पाऊस आडवातिडवा येत होता, थांब्याच्या पत्र्यावर नुसता ताशा. त्याने नमुन्यांची पेटी कोटाच्या आत धरली होती आणि स्वतः अर्धा भिजत होता. तिने छत्री त्याच्याकडे कलती केली, तर त्याने ती हळूच परत तिच्यावर सरळ केली.

"नमुन्यांना ओल लागली तर चाचणी बाद होईल," तो म्हणाला.

"आणि परीक्षकाला लागली तर?"

"परीक्षक दुसरा मिळतो."

"मिळेल..." ती पाण्याकडे बघत म्हणाली, "पण नकोय."

तोंडातून निघून गेलं खरं. बस आली, तिने पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून पाहिलं, तर तो तसाच उभा होता. त्याच्या केसांतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. घरी आल्यावर ताईने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि एवढंच विचारलं, "नाव काय त्याचं?" डिंकीने उशी फेकून मारली.

ठरलेली मोठी चाचणी मात्र वाईट झाली.

फिल्मवर तांबं धरावं म्हणून आधी तिचा पृष्ठभाग तयार करावा लागतो. मशीनमधली हवा काढून टाकायची, थोडासा ऑक्सिजन सोडायचा आणि वीज खेळवायची. आत जांभळट उजेड पेटतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो फिल्मच्या गुळगुळीत अंगावर बारीक खरखर आणतो, तांब्याला धरायला जागा करतो. डिंकीचा हिशेब सरळ होता. धरत नाही ना, मग उजेड आणखी तीव्र करू, आणखी वेळ ठेवू. सुरुवातीला पकड खरोखरच वाढली. पण ओव्हनच्या उष्ण दमट हवेतून काढलेल्या पट्ट्या त्या दिवशी चिमट्यात धरल्या आणि तांबं विनातक्रार निघून आलं. एक नाही, सगळ्यांवरचं.

त्याने सुटलेलं तांबं आणि मागे उरलेली फिल्म दिव्याखाली धरून पुष्कळ वेळ पाहिली. मग विचारलं, "सुटलंय काय नक्की? तांबं की फिल्म?"

तिला तो प्रश्न जखमेवर मीठ वाटला. "दिसतंय ना, तांबं," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

कपडे बदलायच्या खोलीत तो तिची वाट बघत थांबला होता. टोपडं काढून हातात चुरगाळत होता. "मला नापास लिहावं लागेल," तो म्हणाला. "तुम्हाला आधी माझ्याकडून कळावं म्हणून थांबलो."

तिच्या मनात एक वेडी आशा होती, हे तिला ती मोडल्यावर समजलं. "तुम्हाला ठाऊक आहे मी किती..."

"ठाऊक आहे. मी पास लिहिलं असतं, तर उद्या कुणाच्या बाळाच्या गादीत ती पट्टी गेली असती. तुम्ही मला कधी माफ केलं असतं?"

"नाही," ती म्हणाली. खरं तेच होतं. आणि तेच खरं असल्यामुळे तिला जास्त रडू येत होतं.

कंपनीने एक शेवटची संधी दिली, तीही सरांनी स्वतःचा शब्द टाकला म्हणून. पण पुढच्या पंधरवड्याला तो आला नाही. त्याच्या जागी करड्या केसांच्या एक परीक्षक बाई आल्या. त्यांना लंबूचे विनोद समजत नव्हते आणि समजून घ्यायची इच्छाही नव्हती. तो का आला नाही हे डिंकीने विचारलं, तेव्हा "त्यांना दुसरं काम दिलंय" एवढंच उत्तर मिळालं. ना निरोप, ना फोन.

म्हणजे तिचं अपयश लिहून तो मोकळा झाला होता. तिने ठरवलं की त्याचा विचार करायचा नाही. आणि मग तो चहाच्या कपात, बसच्या खिडकीत, चष्मा पुसताना, कुठेही हजर होऊ लागला. ताईने एकदा विचारलं, रागावलीयेस की आठवण येतेय? डिंकी म्हणाली, दोन्ही. ताई म्हणाली, मग काही खरं नाही तुझं.

पण त्याचा तो प्रश्नही तिला सोडत नव्हता. सुटलंय काय नक्की? जखमेवरची खपली निघाली तशी एके सकाळी तिला जाणवलं की तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि तिने उत्तर शोधलंच नव्हतं.

सोललेल्या तांब्याची मागची बाजू साध्या डोळ्यांना लखलखीतच दिसायची. वरचे काही अणूंचे थर वाचू शकणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. सरांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. तिच्या विद्यापीठात ते होतं आणि त्याच्यासाठी रांग लागलेली असायची. "पोरगी माझी आहे, तिला मध्ये घुसव," असं सर फोनवर म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा डिंकीने घाईने डोळे पुसले.

यंत्राने जे दाखवलं ते पाहून ती खुर्चीत टेकलीच. तांब्याच्या पाठीवर नायट्रोजन होता. तांब्यात नायट्रोजन येणार कुठून? तो फिल्ममधला. म्हणजे तांब्याने फिल्म सोडलीच नव्हती. ते शेवटपर्यंत तिला धरून होतं, आणि फिल्मचीच वरची साय निघून आली होती. उजेडाच्या अतिरेकाने ती साय आतून भुसभुशीत झाली होती आणि ओव्हनने तिचा उरलासुरला जीव काढला होता. डिंकी इतके महिने जे औषध म्हणून देत होती, तोच आजार होता.

मग तिने उलटा रस्ता धरला. उजेड मंद केला, वेळ कमी केला, इतका कमी की मावशी म्हणाल्या, "अगं, नुसतं तोंड दाखवून परत बोलावतेस होय त्याला?" आणि दुसरं म्हणजे मशीनचं दार उघडायचं नाही. बाहेरची दमट हवा लागली की तयार झालेला पृष्ठभाग बिघडतो, हे तिने पाहिलं होतं. म्हणून जांभळा उजेड विझताच तिथेच, त्याच पोकळीत, तांब्याचा थर चढवायचा. मावशींनी मशीनला सारखं गोंजारत आणि शिव्या देत ते जमवून आणलं. कितीतरी तुकडे वाया गेले. मग एक टिकला. मग त्याच्यासारखे आणखी.

ओव्हनमधून काढलेली पट्टी चिमट्यात धरली त्या दिवशी लंबूसुद्धा गप्प होता. यंत्र ओढत गेलं, आकडा चढत गेला... आणि तांबं सुटायच्या आत फिल्मच टरकन फाटली. मावशींनी डिंकीला हातमोज्यांसकट मिठी मारली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. आपल्याला या माणसांनी किती जीव लावलाय, हे डिंकीला त्या क्षणी इतकं भरून जाणवलं की तिने मावशींना आणखी घट्ट धरलं.

परीक्षक बाईंनी सगळ्या चाचण्या स्वतः पुन्हा केल्या आणि पास लिहिलं. त्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच कॅन्टीनमध्ये चहा घेतला. डिंकी समोर होती. बाईंनी कप खाली ठेवला.

"तुम्ही मागे विचारलं होतंत, तो का येत नाही. तेव्हा सांगणं बरोबर नव्हतं. आता माझं काम संपलं." त्यांनी जरा घसा साफ केला. "नापासचा अहवाल दिल्यावर त्याने स्वतःच सांगितलं की मला इथून काढा. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाला, ती पास व्हावी असं मला वाटायला लागलंय. अशा माणसाने परीक्षा घेऊ नये."

डिंकीने उचललेला कप तसाच खाली ठेवला.

"निकाल लागेपर्यंत तुमच्याशी बोलायचं नाही, ही अट त्याने स्वतःच स्वतःला घातली होती," बाई म्हणाल्या. "मला वाटतं, तो फार त्रासात आहे. टेबलावर डोकं ठेवून बसतो."

घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं. रागही आला होता. इतके दिवस जीव टांगणीला लावला, एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, बोलला असता तर तिच्या यशावर कायमचा एक डाग राहिला असता. तांबं खरंच टिकलं की त्याने टिकू दिलं, असं कुणीही म्हणू शकलं असतं. ते त्याने होऊ दिलं नाही. आपलं सुख बाजूला ठेवून तिचं काम तिचं राहू दिलं.

"पण ताई, हे नुसते उपकार तर नाहीत ना वाटत मला?" तिने विचारलं. "मला नर्सबद्दल वाटतं, सरांबद्दल वाटतं..."

"सरांची आठवण आल्यावर पडद्यावरचा आकडा दोनदा वाचावा लागतो का?" ताई म्हणाली आणि तिची बॅग भरायला लागली.

सकाळच्या गाडीने डिंकी त्याच्या गावी गेली. कारखान्याच्या स्वागतकक्षात निरोप ठेवला आणि बाकावर बसून राहिली. खिडकीबाहेर भुरभुर पाऊस होता. जिन्यावरून कुणीतरी धावत आल्याचा आवाज आला, शेवटच्या वळणावर पावलं थांबली, आणि मग तो अगदी सावकाश, काही घाईच नव्हती असा, खाली आला. दम मात्र लागला होता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"थँक यू."

तिने गाडीत किती वाक्यं जुळवली होती... एकही जागेवर नव्हतं.

"तुमच्या प्रश्नामुळे जमलं," ती म्हणाली. "ते सांगायचं होतं. आणि तुम्ही बाजूला झालात, ते बाईंनी सांगितलं. त्याबद्दलही... आभार मानायचे होते."

त्याचा चेहरा किंचित उतरला. "एवढ्यासाठी इतक्या लांब यायची गरज नव्हती. फोन चालला असता."

"आभारांना चालला असता," ती म्हणाली. "बाकीच्याला नसता चालला."

"बाकीचं काय?"

"तुम्ही परीक्षक आहात ना? ओळखा."

तो ओळखायला लागला. तिच्या चेहऱ्याकडे इतकं मन लावून बघायला लागला की तिला नजर खाली घ्यावी लागली. मग त्याने तिचा हात हातात घेतला. हातमोज्यांशिवाय, पहिल्यांदाच. त्याचा हात गार होता.

"मी फार वाईट अवस्थेत होतो," तो हळूच म्हणाला. "तुला सांगू शकत नव्हतो... चालेल ना, 'तू' म्हटलं तर?"

"इतका उशीर का केलास?" ती म्हणाली. तेच उत्तर होतं.

दुपारी तो तिला घरी घेऊन गेला. घर जवळच होतं, दोन गल्ल्या ओलांडून. वाटेत तो म्हणाला की घरी फक्त आई असते, आणि तिला काही सांगितलेलं नाही, म्हणजे तसं विशेष काही नाही... थोडंसंच. डिंकीने ओल्या केसांवरून हात फिरवला, ओढणी सारखी केली.

दार एका ठेंगण्या, गोऱ्यापान बाईंनी उघडलं. त्यांच्या हाताला पीठ होतं. त्यांनी लेकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कोण म्हणून विचारलं नाही, नाव विचारलं नाही.

"पास झालीस ना गं?" त्यांनी विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. 

"झाले," ती कशीबशी म्हणाली. डोळे भरून आले होते.

"मला माहीतच होतं," आई म्हणाल्या, आणि पिठाचा हात तिच्या कपड्यांना लागू नये म्हणून मनगटानेच तिला आत ओढत म्हणाल्या, "ये बाई, आत ये. सकाळपासून काही खाल्लं नसशील."